अर्ल स्टॅन्ली गार्डनर: सुरुवात कुठून करावी, आणि पेरी मेसनचं कोर्ट कितपत खरं?

लॉ_कॉलेज_चौक

नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात गार्डनर या अमेरिकन रहस्यकथाकाराचा गठ्ठाच हाती लागला. चौदा पुस्तकं आहेत. अकरा पेरी मेसन या वकिलाची, दोन 'ए. ए. फेअर' या नावाची (मलपृष्ठावर मात्र हा गार्डनरच असं छापलंय) आणि एक 'द डी. ए.'ने सुरू होणारं. मेसनच्या 82 कादंबऱ्या आहेत म्हणे. त्या क्रमानेच वाचाव्या लागतात की कुठूनही उचललं तरी चालतं? कोर्टाचे प्रसंग कायद्याच्या विद्यार्थ्याने किती मनावर घ्यावेत? जिथे तिथे 'प्रिलिमिनरी हिअरिंग' (खटल्याआधीची प्राथमिक सुनावणी) चाललेलं असतं, ज्युरी क्वचितच दिसते, ते का? एवढं सगळं एकट्याने लिहिलं की पगारी माणसं ठेवली होती? आणि दोन पुस्तकांची पानं कण्यापासून सुटून राहिली आहेत. उन्हाळ्याआधी त्यांचं काही करता येईल का?

पिवळी_पानं

कथेसाठी क्रम लागत नाही. मेसन, त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट आणि खासगी डिटेक्टिव्ह पॉल ड्रेक म्हातारे होत नाहीत, लग्नं करत नाहीत, मागच्या खटल्याची आठवणही फारशी काढत नाहीत. पण लेखक बदलत गेला, म्हणून काळ बघून वाचा. शीर्षकावरून काही कळायचं नाही, सगळीच 'द केस ऑफ द' अमुक तमुक. कॉपीराइटचं पान उघडा. जुन्या आवृत्त्यांत पुनर्मुद्रणांची रांग असते. त्यातलं सगळ्यात जुनं वर्ष धरायचं.

1933 ते साधारण 1938 मधला मेसन अंगावर येणारा आहे. दारं ढकलतो, पोलिसांना चकवतो, पुराव्याशी खेळतो. पहिलं 'व्हेल्वेट क्लॉज' (1933) कोर्टासाठी घ्याल तर फसाल, त्यात खटला उभाच राहत नाही. खटला हवा तर त्याच वर्षीचं 'सल्की गर्ल' घ्या. 'हाउलिंग डॉग' (1934) या टप्प्यातलं सगळ्यात धारदार. वकिलाने अशिलासाठी कुठवर जावं, हा प्रश्न ते शेवटपर्यंत सुटू देत नाही. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर 'काउंटरफिट आय'मध्ये (1935) येतो आणि पोलिसांचा लेफ्टनंट ट्रॅग 'सायलेंट पार्टनर'मध्ये (1940). ट्रॅगच्या आधीचं पुस्तक असेल तर समोर बहुधा आडदांड सार्जंट होलकॉम्ब भेटेल, आणि त्याला हरवण्यात काही गंमत नाही. ट्रॅग हुशार आहे, म्हणून तो आल्यावर मेसनलाही डोकं जास्त चालवावं लागतं.

माझ्या मते 1940 ते 1950 हा उत्तम काळ. कोडं एखाद्या भौतिक गोष्टीवर उभं असतं आणि ती गोष्ट वाचकासमोर उघडी ठेवलेली असते. 'बरीड क्लॉक'मध्ये (1943) जमिनीत पुरलेलं घड्याळ चालू आहे, पण वेळ भलतीच दाखवतंय. शाळेतलं खगोल आठवत असेल तर तुम्ही मेसनच्या आधी पोचाल. 'क्रुकेड कँडल'मध्ये (1944) खून बोटीवर होतो, तिथे भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर मांडून वाचा. घाईत वाचलं तर ही दोन्ही पुस्तकं कोरडी वाटतात, कारण निम्मी मजा आकडेमोडीत आहे.

1957 नंतर अमेरिकन टीव्ही-मालिकेचा मेसन पुस्तकांत शिरला. सभ्य, टापटीप, कायद्याच्या कडेवर पाय न ठेवणारा. साठच्या दशकातली पुस्तकं पातळ आहेत. संवाद, संवाद आणि संवाद. दोन वाचलीत तर दहा वाचल्यासारखी.

'टेरिफाइड टायपिस्ट' (1956) गठ्ठ्यात असेल तर ते आधी वाचू नका. त्यात ज्युरी मेसनच्या अशिलाला दोषी ठरवते. मेसन जिंकतोच ही सवय आठ-दहा पुस्तकांनी अंगी लागल्याशिवाय तो धक्का बसत नाही.

'फेन्स्ड-इन वुमन' (1972) आणि 'पोस्टपोन्ड मर्डर' (1973) ही दोन गार्डनरच्या मृत्यूनंतर आली, तो 11 मार्च 1970 ला गेला. मेसनच्या नावाची 1989 आणि 1990 सालची दोन पुस्तकं दिसली तर ती थॉमस चॅस्टेनची. गार्डनर समजून पैसे मोजू नका.

तर्री_पोहे

मेसन मेसन काय करून राहिले सगळे! भाऊ, ती फेअरची दोन आधी काढा गठ्ठ्यातून.

बर्था कूल म्हणजे जाडजूड, कंजूस, तोंडाची फटकळ बाई, स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी चालवणारी. डोनाल्ड लॅम तिचा नोकर, पुढे भागीदार. अंगाने काडीपैलवान, कोणीही यावं आन् ठोकून जावं, पण डोकं वकिलाचं. पहिलं 'द बिगर दे कम' 1939 चं. त्यात लॅमची सनद निलंबित झालेली असते, आन् कारण काय तर खून करून शिक्षेतून सुटता येईल अशी वाट कायद्यात आहे हे त्याने एकाला सांगितलं. ती वाट कोणती, हे शेवटी समजते. कॅलिफोर्निया आन् ॲरिझोना यांच्यात आरोपी हवाली करण्याचे जे नियम, त्यातली फट आहे ती. कायदा शिकणाऱ्याने हेच पहिलं वाचावं.

फेअरच्या पुस्तकांत एक घोळ असते. इंग्लंडच्या आवृत्तीत नाव बदलून छापत. 'द बिगर दे कम' तिकडे 'लॅम टू द स्लॉटर' झालं, 'गिव्ह देम द ॲक्स'चं 'ॲन ॲक्स टू ग्राइंड' झालं. आपल्याकडे जुन्यात इंग्लंडचा माल बराच येते, म्हणून एकच पुस्तक दोनदा घरी यायचं. पहिला परिच्छेद फोनमध्ये टिपून ठेवायचा आन् तो जुळवूनच घ्यायचं.

'कॅट्स प्रोल ॲट नाइट' (1943) हाती आलं तर बाजूला ठेवा. लॅम युद्धावर गेलेला, बर्था एकटी. बाई एकटीने धमाल करते, पण जोडीची सवय झाल्यावरच ते रंगते.

गार्डनर जिवंत असताना यातली 29 निघाली. तिसावं 'द नाइफ स्लिप्ड'. ते खरं तर दुसऱ्या नंबरचं म्हणून लिहिलेलं, पण बर्थाच्या शिव्या आन् सिगारेटी पाहून प्रकाशकाने परत केलं. छापलं गेलं थेट 2016 मध्ये.

तुमचं 'द डी. ए.'वालं डग सेल्बीचं. 1937 ते 1949, एकूण नऊ. इथे सगळं उलटं, नायक सरकारी वकील (डी. ए. म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी) आन् बचावाचा वकील खलनायक. मॅडिसन सिटी नावाचं काल्पनिक लहान गाव, त्यातलं राजकारण, वर्तमानपत्रं. मेसनमधला बर्गर मूर्ख का वाटते ते सेल्बी वाचल्यावर समजते. खुर्ची तीच असते, लेखकाने बाजू बदललेली असते.

काळा_कोट

प्रिलिमिनरी हिअरिंगबद्दल.

कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याचा खटला वर पाठवायच्या दोन वाटा आहेत. एक ग्रँड ज्युरीची (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ), दुसरी दंडाधिकाऱ्यापुढच्या प्राथमिक सुनावणीची. या सुनावणीत सरकार पक्षाला आरोप संशयापलीकडे सिद्ध करायचा नसतो. गुन्हा घडला आणि तो याच माणसाने केला असं मानायला पुरेसा आधार आहे, एवढंच दाखवायचं असतं. ज्युरी नसते, पण साक्षीदार शपथेवर बोलतात आणि बचाव पक्षाला उलटतपासणी करता येते. आधार पुरला तर आरोपी वरच्या कोर्टात, नाही तर सुटका.

गार्डनर स्वतः 1911 पासून कॅलिफोर्नियात वकील, ऑक्सनार्ड आणि व्हेंच्युरा भागात प्रॅक्टिस केलेला. त्याने ही पायरी निवडली ती कादंबरीच्या सोयीसाठी. ज्युरी निवडण्याची पन्नास पानं टळतात. सुनावणी खुनानंतर थोड्याच दिवसांत लागते, म्हणून तपास अर्धवट, साक्षीदार घाबरलेले आणि खरा गुन्हेगार अजून गावातच. शिवाय ज्युरी नसल्यामुळे न्यायाधीश मेसनला जरा सैल सोडतो आणि 'पुढे काय येतंय ते बघू' म्हणतो. यात खोटं कुठे आहे? प्रत्यक्षात बचावाचा वकील या टप्प्यावर सहसा आपले साक्षीदार उभेच करत नाही. सरकारी साक्षीदारांकडून जेवढं काढता येईल तेवढं काढतो आणि गप्प बसतो, कारण पत्ते आत्ताच दाखवले तर मुख्य खटल्यात हाती काही उरत नाही. मेसन सगळे पत्ते तिथेच फेकतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कमिटल चौकशी, म्हणजे प्रकरण सत्र न्यायालयात पाठवण्याआधी दंडाधिकाऱ्याने पुरावा बघणं. 1973 च्या संहितेने ती काढून टाकली. कलम 209 खाली दंडाधिकारी कागदपत्रं पुरवून प्रकरण सत्र न्यायालयात पाठवतो, पुरावा तोलत नाही. आता ते, 1973 च्या संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 232. तोलणं होतं ते पुढे, आरोपमुक्तीच्या अर्जावर, जुनं 227 आणि नवं 250. तिथेही सरकार पक्षाच्या कागदांवरच बोलायचं असतं, आरोपीला आपला पुरावा पुढे करता येत नाही. त्यामुळे सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात मेसनछाप सुनावणी शोधायला जाऊ नका.

आता साक्षीदार पिंजऱ्यात कोसळतो त्याचं. अमेरिकेत साक्षीदार पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारू शकतो. मेसनच्या पुस्तकात हे ऐन वेळी कोणाला सुचत नाही, कारण सुचलं तर पुस्तक संपणार कसं? आपल्या पुरावा कायद्याचं जुनं 132, आता साक्ष अधिनियमाचं 137, उलट्या बाजूने जातं. उत्तर स्वतःला अडकवणारं आहे म्हणून साक्षीदाराला नाकारता येत नाही. मात्र कोर्टाने भाग पाडून घेतलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडून. मग खरा खुनी साक्षीतून उघडा पडला तर? फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं 319, नागरिक सुरक्षा संहितेचं 358. पुराव्यावरून दुसऱ्याच कोणाचा तरी गुन्हा दिसला तर कोर्ट त्याला आरोपी म्हणून बोलावू शकतं. मेसनच्या शेवटच्या प्रकरणाला भारतीय कायद्यात वाट असेल तर ती हीच.

शिकण्यासारखी एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी आहे, ती म्हणजे ओळख पटवणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी. मेसन साक्षीदाराला खोटारडा म्हणत नाही. उजेड किती होता, अंतर किती, चष्मा होता का, चेहरा किती सेकंद दिसला, हे विचारतो. आणि मग मुख्य प्रश्न: पोलिसांनी आधी फोटो दाखवला होता का, आरोपीला एकटीलाच समोर आणलं होतं का? ओळख परेडवरची उलटतपासणी आपल्याकडेही याच क्रमाने जाते.

घेऊ नये ते म्हणजे पुराव्याशी खेळणं. पिस्तुलं बदलणं, जागेवर जादा गोळी झाडून ठेवणं, अशिलाला लपवणं. पुरावा नाहीसा करणं हे आपल्याकडे दंड संहितेचं जुनं 201, आता न्याय संहितेत 238, शिवाय ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली सनदेवर बेततं ते वेगळंच. बर्गरची ती 'इनकॉम्पिटंट, इर्रेलव्हंट अँड इम्मटेरियल' ही त्रिसूत्री हरकतही इथे म्हणू नका. पुरावा ग्राह्य नाही, मुद्द्याशी संबंधित नाही, संबंधित असला तरी त्याने निकालात फरक पडत नाही, असे तीन वेगळे मुद्दे तो एका दमात म्हणतो. आपल्याकडे कोर्ट विचारेल, यातला नेमका कोणता?

आणि बर्गर एवढा इरेला का पेटतो? तिकडे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी निवडून येतो. हरलेला खटला उद्याच्या पेपरात आणि पुढच्या मतपेटीत. आपला सरकारी वकील नेमलेला असतो, त्याला हे दुखणं नाही.

लॉ_कॉलेज_चौक

319 डोक्यातच आलं नव्हतं, काका. तर्री_पोहे, फेअरच्या दोनपैकी एक 'लॅम टू द स्लॉटर'च आहे. तेच आधी काढतो. आता एकट्याने लिहिलं का, याचं कोणी सांगेल का?

डिक्टाफोन

एकट्याने लिहिलं. म्हणजे एकट्याने बोललं. त्याच्याकडे टायपिस्ट होत्या, लेखक नव्हते.

1921 पासून तो दिवसा वकिली करून रात्री पल्प मासिकांसाठी (स्वस्त कागदावर छापलेली कथा-मासिकं) लिहायचा. 'ब्लॅक मास्क'मध्ये त्याची पहिली कथा 1923 ला आली, चार्ल्स एम. ग्रीन या नावाने. तिची टर उडवणारी संपादकांची आपसातली चिठ्ठी चुकून त्याच्याचकडे पोचली होती. त्याने चिठ्ठीतले दोष धरून कथा पुन्हा लिहिली आणि परत पाठवली. छापली त्यांनी.

पल्पचा पैसा शब्दावर मिळे. त्याचे नायक पाच गोळ्या चुकवून सहाव्या गोळीला माणूस पाडतात, असं एकाने म्हटल्यावर त्याचा हिशेब तयार होता. शब्दाला तीन सेंट, म्हणजे प्रत्येक 'धाड'चे तीन सेंट. पंधरा सेंटचा दारूगोळा शिल्लक असताना मी मारामारी संपवू कशाला? गंमत म्हणून हे सांगतात, पण त्याच्या सुरुवातीच्या कथा लांबलेल्या का वाटतात याचं उत्तरही त्यातच आहे. त्याने स्वतःला घालून दिलेला कोटा होता वर्षाला 12 लाख शब्द, म्हणजे दर तीन दिवसांनी दहा हजार शब्दांची एक दीर्घकथा, सुट्टी नाही. टाइप करून बोटं सोलवटली, तेव्हा तो यंत्रावर बोलून लिहायला लागला. मेसनच्या कादंबऱ्या अशाच सांगितलेल्या आहेत. मालिकेची कल्पना मात्र त्याची नव्हती. विल्यम मॉरो प्रकाशनाच्या थेअर हॉब्सनने सुचवलं की प्रत्येक पुस्तकाला नवा वकील कशाला, एकच ठेव. 'पेरी मेसन' हे नाव आलं गार्डनरच्या लहानपणच्या 'यूथ्स कंपॅनियन' मासिकावर छापलेल्या प्रकाशकाच्या नावावरून.

कथानकासाठी त्याने पुठ्ठ्याच्या चकत्या केल्या होत्या, मध्ये टाचलेला फिरता काटा. एकीवर गुंतागुंतीचे प्रसंग, दुसरीवर नायकाच्या वाटेत येणारी दुय्यम पात्रं, तिसरीवर नायकाला भरकटवणाऱ्या खोट्या वाटा, आणखी एकीवर उकली. काटे फिरवायचे आणि जे जुळेल त्यावर विचार करायचा. टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये त्याचे कागद आहेत, त्यात या चकत्याही आहेत.

त्याची नक्कल करायला जाऊन लोक फसतात ते इथेच. चकती जोड्या जुळवून देते, कारण देत नाही. दोन फिरक्यांत 'आंधळा साक्षीदार' आणि 'हरवलेली बॅग' आली तरी दोघांचा संबंध का, हे डोक्यानेच काढावं लागतं. म्हणून तो पुढे उलट्या टोकाकडून काम करायला लागला, खुन्याच्या बाजूने. हेतू, मोह, बेत, संधी, मागे फिरता येणार नाही असं पहिलं पाऊल, खून, मग झाकाझाक. ही शिडी पूर्ण झाल्यावरच तो मेसनला आत आणायचा. झाकाझाक करताना खुनी जी एक गोष्ट हलवतो, तीच मेसनच्या हाती लागते. कुठलंही पुस्तक संपल्यावर ही शिडी कागदावर उतरवून बघा. चाळीसच्या दशकातल्या पुस्तकांत सगळ्या पायऱ्या सापडतात, साठच्या दशकात एखादी पायरी हमखास गाळलेली असते आणि ती मेसनच्या लांब भाषणात बुजवलेली असते.

बोलून लिहिण्याची किंमतही दिसते. खोलीचं वर्णन दोन ओळींत उरकतं, पात्रं एकमेकांना त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगतात. हे कानासाठी लिहिलेलं गद्य आहे. मोठ्याने वाचलं तर पळतं.

काळा_कोट

एक राहिलं. 1948 मध्ये त्याने 'आर्गोसी' मासिकाचे प्रकाशक हॅरी स्टीगर यांच्याबरोबर 'कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट' सुरू केलं. चुकीने शिक्षा झालेल्या कैद्यांची प्रकरणं पुन्हा तपासायची. सोबत कायदा आणि वैद्यक दोन्ही जाणणारे लेमॉइन स्नायडर, लाय डिटेक्टरवाले लिओनार्ड कीलर, खासगी तपासनीस रेमंड शिंडलर. त्यावरचं पुस्तक 1952 चं, त्याला सत्य गुन्हेलेखनाचा एडगर पुरस्कार मिळाला. त्या काळापासून मेसनच्या पुस्तकांच्या सुरुवातीला न्यायवैद्यक तज्ज्ञांना अर्पण केलेली छोटी प्रस्तावना दिसते. ती पानं उलटून टाकू नका. कायद्याच्या विद्यार्थ्याला कथेपेक्षा तिथे जास्त मिळेल.

कणा_नि_कापड

सुटलेल्या पानांचं.

ही पुस्तकं शिवलेली नसतात. पानांच्या कडा कापून कण्याला सरस लावलेला असतो. सत्तर-ऐंशी वर्षांत तो काचेसारखा होतो, आणि आपल्या मे महिन्याच्या 45 अंशांत कणा पूर्ण उघडला की तडकतो. म्हणून पुस्तक 90 अंशांपेक्षा जास्त उघडायचं नाही.

सेलोटेप लावू नका, दोन-चार वर्षांत ती पिवळी पडून डाग सोडते. सुतारकामाचा जाड डिंकही नको, वाळून कडक होतो आणि पुढचं पान तिथेच तुटतं. बुकबाइंडिंगचा आम्लरहित, वाळल्यावर लवचीक राहणारा पांढरा डिंक घ्या. जुना सरस बोथट सुरीने खरवडून काढा. पानं ठोकून कण्याची बाजू सारखी करा, दोन फळ्यांमध्ये धरा, कण्याची कड पंख्यासारखी एका बाजूला वाकवून ब्रशने पातळ हात द्या, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पुन्हा. त्यामुळे डिंक प्रत्येक पानाच्या कडेत मिलिमीटरभर आत शिरतो. नुसता वरून लावला तर पहिल्याच वाचनात सुटतो. वर मलमलीची पट्टी, मग मुखपृष्ठ, आणि 24 तास वजनाखाली.

ठेवायची जागा महत्त्वाची. कूलरच्या झोतात कपाट नको. बाहेर कोरडं, खोलीत ओलसर हवा, त्यात पानं लाटेसारखी होतात आणि कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधणंही वाईट. लगद्याचा कागद स्वतःच आम्ल सोडतो, ते आत कोंडतं.

लॉ_कॉलेज_चौक

सुटलेल्यांपैकी एक 'व्हेल्वेट क्लॉज'च निघालं. प्रकरण मिटतं, आणि लगेच एक रुसल्या तोंडाची नवीच मुलगी ऑफिसात येते नि पुस्तक तिथेच संपतं. पुढची पानं गेली का?

पिवळी_पानं

नाही, पुस्तक पूर्ण आहे. ती पुढच्या पुस्तकाची, 'सल्की गर्ल'ची नायिका. सुरुवातीच्या मेसनांत गार्डनर शेवटी पुढच्या अशिलाला दारात उभं करून ठेवायचा. तरी खात्री हवी असेल तर जाहिरातींची आणि कोरी धरून सगळी पृष्ठं मोजा. अशा पुस्तकांत ती बहुधा 16 च्या पटीत येतात. दोन कमी भरली तर एक पान गळलंय. डिंक लावायच्या आधी मोजा, नंतर कळून उपयोग नाही.